दक्षिण आफ्रिकेतलं ‘बीईई’: गुण, शेअर आणि न मिटणारी दरी

मार्च २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी समाजमाध्यमावर लिहिलं, की आपण काळे नाही म्हणून आपल्या स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेला दक्षिण आफ्रिकेत परवानगी मिळत नाही. मस्क यांचा जन्म प्रिटोरियाचा, त्यामुळे वाद आणखीच पेटला. दोन महिन्यांनी राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा वॉशिंग्टनला गेले आणि तिथेही हेच विषय निघाले.

खरी अट अशी आहे: दूरसंचाराचा परवाना हवा असेल तर कंपनीतला ३० टक्के हिस्सा वर्णभेदाच्या काळात डावलल्या गेलेल्या समाजांकडे असला पाहिजे. मुख्य मालक गोरा असून चालतो. प्रश्न उरलेल्या भागीदारांचा असतो. हा शब्दांचा कीस वाटेल, पण ‘बीईई’ ही काळ्यांच्या आर्थिक सबलीकरणाची सगळी योजना याच फरकावर उभी आहे.

आधी काय काढून घेतलं होतं

वर्णभेद, म्हणजे अपार्थाइड, ही माणसांची गोरे, काळे, कलर्ड (मिश्रवंशीय) आणि भारतीय अशी सरकारदरबारी नोंद करून कोण कुठे राहील, काय शिकेल, कोणतं काम करेल हे कायद्यानं ठरवणारी व्यवस्था. अधिकृतपणे ती १९४८ ची. तिची मुळं मात्र त्याहून जुनी आहेत.

१९१३ च्या जमीन कायद्यानं काळ्या लोकांसाठी देशाची जेमतेम ७ टक्के जमीन राखली आणि तिच्याबाहेर त्यांना जमीन विकत घ्यायला बंदी केली. १९३६ मध्ये हा आकडा १३ टक्क्यांच्या आसपास गेला. लोकसंख्येतला बहुसंख्य समाज तेवढ्यातच कोंबलेला. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला कर्ज कोण देणार? पिढ्यान् पिढ्या तारणच नाही म्हटल्यावर धंदा उभा राहण्याचा प्रश्नच नव्हता.

मग काम. देशाची संपत्ती सोन्याच्या खाणींतून येत होती. तिथे सुरुंग लावण्याचं प्रमाणपत्र काळ्या कामगाराला मिळत नसे. त्याला ते काम येत असे, अनेकदा तोच ते करतही असे, पण कागद गोऱ्याच्या नावावर आणि पगारही गोऱ्याचा. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानं शाळाही याच बेतानं वेगळ्या केल्या. सत्तरच्या दशकात गोऱ्या मुलामागे होणारा सरकारी खर्च काळ्या मुलामागच्या खर्चाच्या दहापटीहून जास्त होता.

आणि जागा. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्यानं शहरांच्या वस्त्या रंगानुसार वाटल्या. केप टाऊनचा ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा गजबजलेला मिश्र भाग १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढच्या वर्षांत ६० हजारांवर माणसं तिथून उठवून शहराबाहेरच्या वाळूच्या सपाटीवर नेऊन टाकली. त्याच शहरात रत्नागिरीकडच्या गावांतून गेलेल्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्यांच्यावरही ‘भारतीय’ असा शिक्का होता, आणि भारतीयांसाठी रायलँड्स हा भाग नेमून दिला होता.

२७ एप्रिल १९९४ ला सगळ्यांनी मिळून मतदान केलं. कायद्यातला भेद तोवर रद्द झालाच होता. पण शर्यतीत एकाला ऐंशी वर्षं खांबाला बांधून ठेवायचं, मग दोर सोडून ‘आता दोघं समान’ म्हणायचं, यानं मधलं अंतर कमी होत नाही. ते कमी करण्याच्या उपायांपैकी सर्वांत गाजलेला उपाय म्हणजे बीईई.

बीईई म्हणजे काय, आणि त्यात ‘काळा’ कोण

बीईई म्हणजे ‘ब्लॅक इकॉनॉमिक एम्पॉवरमेंट’, काळ्यांचं आर्थिक सबलीकरण. २००३ च्या कायद्यानं त्याला ‘व्यापक पायाचं’ हे विशेषण जोडलं. ते का जोडावं लागलं, ते पुढे कर्जाच्या हिशोबात दिसेल.

या कायद्यात ‘काळे’ या शब्दात आफ्रिकी, कलर्ड आणि भारतीय तिघेही येतात. २००८ मध्ये न्यायालयानं तिथल्या जुन्या चिनी वंशाच्या नागरिकांनाही त्यात धरलं. मात्र माणूस जन्मानं किंवा वंशानं तिथला नागरिक असावा लागतो, नाहीतर २७ एप्रिल १९९४ च्या आधी नागरिकत्व मिळालेला. म्हणजे दर्बनच्या उसाच्या मळ्यांवर आलेल्या गिरमिटियाची पणती यात बसते; मागच्या वर्षी पुण्याहून जोहान्सबर्गला नोकरीसाठी गेलेला इंजिनिअर बसत नाही.

गंमत म्हणजे जातीच्या दाखल्यासारखा कुठलाही दाखला तिथे नसतो. माणसांच्या रंगाची नोंदवही ठेवणारा कायदा १९९१ मध्येच रद्द झाला. कर्मचारी नोकरीच्या ठिकाणी एका फॉर्मवर स्वतःच आपला गट लिहितो.

गुणपत्रिका: जबरदस्ती नाही, पण सुटकाही नाही

‘सरकार कंपन्यांना हिस्सा विकायला लावतं’ हा सर्वांत मोठा गैरसमज. खाण किंवा दूरसंचार यांसारखी परवान्याची क्षेत्रं सोडली, तर खासगी कंपनीवर बीईईची थेट सक्ती नाही. प्रत्येक कंपनीला गुण मिळतात, एवढंच. मोठ्या कंपनीसाठी, म्हणजे वर्षाची उलाढाल ५ कोटी रँडच्या (रँड हे तिथलं चलन) वर असलेल्या कंपनीसाठी, ढोबळ वाटणी अशी: मालकीला २५ गुण, संचालक मंडळ आणि वरच्या पदांना १९, प्रशिक्षणावरच्या खर्चाला सुमारे २०, पुरवठादार आणि लहान धंदे उभे करण्याला सुमारे ४०, आणि समाजकार्याला ५.

१०० किंवा जास्त गुण पडले की पहिली पातळी, ८० ते ९० मध्ये चौथी, ४० ते ५५ मध्ये आठवी. चाळिसाच्या खाली नापास. शिवाय मालकी, प्रशिक्षण आणि पुरवठादार हे तीन विषय ‘प्राधान्याचे’. त्यांतल्या एखाद्या विषयात जरी ४० टक्क्यांची किमान रेघ गाठली नाही, तर एकूण गुण कितीही असोत, कंपनी एक पातळी खाली येते. एका विषयात नापास झाला की बाकीचे गुण असूनही वर्ग घसरतो, तसंच.

नापास झालं तर दंड नाही. मग कंपन्या एवढा आटापिटा का करतात? कारण हा दाब साखळीतून येतो. पहिल्या पातळीच्या पुरवठादाराकडून १० लाख रँडचा माल घेतला, तर माझ्या गुणपत्रिकेत तो १३५ टक्के दरानं, म्हणजे साडेतेरा लाखांचा मोजला जातो. तोच माल आठव्या पातळीवाल्याकडून घेतला तर फक्त एक लाखाचा. नापास कंपनीकडून घेतला तर शून्य. सरकारला वीजवाहिन्या पुरवणारी कंपनी आपल्या तांब्याच्या व्यापाऱ्याकडे प्रमाणपत्र मागते, तो आपल्या वाहतूकदाराकडे, वाहतूकदार टायरवाल्याकडे. ज्यानं आयुष्यात सरकारी टेंडर भरलं नाही, त्याच्याही दारात हा कागद येऊन उभा राहतो.

लहानांना यातून बरीच सूट आहे. उलाढाल १ कोटी रँडपर्यंत असेल तर हिशोब नाही, तपासनीस नाही. शपथपत्र दिलं की चौथी पातळी आपोआप. ५१ टक्के मालकी काळ्यांची असेल तर दुसरी, पूर्ण असेल तर पहिली.

‘मग सरकार महाग माल घेतं का?’

हो, काही वेळा घेतं. किती महाग, याला मात्र गणितातच मर्यादा आहे. ५ कोटी रँडपर्यंतच्या टेंडरमध्ये ८० गुण किमतीला आणि २० गुण ठरवलेल्या सामाजिक उद्दिष्टांना. त्यावरच्या टेंडरमध्ये ९० आणि १०.

सर्वांत कमी बोली १ कोटीची असेल तर तिला किमतीचे पूर्ण ८० गुण. १ कोटी १० लाखांची बोली १० टक्के महाग, म्हणून तिचे ८ गुण कापले जातात आणि ७२ उरतात. आता स्वस्त कंपनीला सामाजिक गुण ५ मिळाले आणि महाग कंपनीला २०, तर ८५ विरुद्ध ९२. काम महाग कंपनीला. एकाला शून्य आणि दुसऱ्याला पूर्ण २० अशी टोकाची वेळ आली, तरी किमतीतला फरक २५ टक्क्यांपलीकडे गेला की हा फायदा संपतो. मोठ्या टेंडरमध्ये हीच सीमा सुमारे ११ टक्के.

त्यामुळे बाजारात १०० रँडला मिळणारी वस्तू सरकारनं हजाराला घेतल्याची बातमी वाचाल तेव्हा दोष या सूत्राचा नसतो. तिथे बोली उघडण्याआधीच काहीतरी ठरलेलं असतं. अशा ठेकेदारांना तिकडे ‘टेंडरप्रन्योर’ म्हणतात. जात एकच, आपल्याकडे फक्त नावं वेगळी.

कर्जावर घेतलेली मालकी

हा भाग थोडा सावकाश वाचावा लागेल, कारण योजनेचं यश आणि अपयश दोन्ही इथेच आहे.

कंपनीचा २५ टक्के हिस्सा काळ्या गुंतवणूकदारांना विकायचा. पण त्यांच्याकडे पैसे कुठून असणार? मुळात पैसे नाहीत म्हणून तर ही योजना. उत्तर निघालं: कर्ज काढा, तेच शेअर तारण ठेवा, लाभांशातून कर्ज फेडा. घराचं गृहकर्ज भाड्यातून फेडायचं, तसं.

आता हिशोब. समजा कंपनीची किंमत १०० कोटी. हिस्सा २५ कोटींचा, सगळा कर्जानं, व्याज ११ टक्के. पहिल्या वर्षाचं व्याज पावणेतीन कोटी. लाभांश ४ टक्के धरला तर हातात येतो १ कोटी. पावणेदोन कोटी कमी पडले, ते मुद्दलात चढले. पुढच्या वर्षी व्याज वाढलेल्या मुद्दलावर. लाभांश तेवढाच राहिला, तर दहा वर्षांनी कर्ज २५ कोटींचं ५४ कोटी होतं.

म्हणजे दहा वर्षांत शेअरचा भाव दुपटीहून जास्त झाला, दरसाल आठ टक्क्यांनी वाढला, तरी नव्या मालकाच्या हातात शून्य. भाव दहा टक्क्यांनी वाढला तर त्याला साधारण साडेदहा कोटी मिळतात. पाच टक्क्यांनी वाढला तर सगळे शेअर विकूनही साडेतेरा कोटींचं कर्ज उरतं, आणि बँक शेअर घेऊन जाते.

नव्वदच्या दशकातले पहिले सौदे नेमके याच साच्याचे होते. १९९८ मध्ये शेअर बाजार कोसळला, व्याजदर भडकले आणि त्यांतले बरेच सौदे बुडाले. जे तरले ते राजकीय ओळखीच्या मोजक्या मंडळींचे. त्यावर टीका झाली, रामाफोसा यांच्याच अध्यक्षतेखालच्या आयोगानं २००१ मध्ये अहवाल दिला, आणि त्यातून २००३ चा ‘व्यापक पायाचा’ कायदा आला.

मग कंपन्यांनी सामान्य लोकांना शेअर विकायला सुरुवात केली. सासोल ही कोळशापासून इंधन बनवणारी मोठी कंपनी. तिनं २००८ मध्ये, तेलाचे भाव शिखरावर असताना, ‘इंझालो’ योजना काढली. २०१८ मध्ये मुदत संपली तेव्हा कर्ज वळतं करून कर्जावर घेतलेल्या शेअरचं मूल्य म्हणून काही उरलं नाही. याउलट मल्टिचॉइस या टीव्ही कंपनीनं २००६ मध्ये १० रँडला एक या दरानं ‘फुथुमा नाथी’चे शेअर विकले. धंदा भरभराटीला होता, लाभांश जाड होता, कर्ज फिटलं आणि सामान्य भागधारकांना वर्षानुवर्षं पैसे मिळत राहिले.

दोन्ही योजना कागदावर सारख्याच. फरक पडला तो कोणत्या साली, कोणत्या भावानं आत शिरलात याचा. ऐतिहासिक अन्यायाची भरपाई तेलाच्या भावावर सोडायची, हे मला या योजनेतलं सर्वांत कच्चं काम वाटतं.

हिस्सा न विकताही वाट आहे

जगभर आपल्या शाखांची पूर्ण मालकी स्वतःकडेच ठेवणाऱ्या परदेशी कंपन्यांसाठी ‘समतुल्य गुंतवणूक’ नावाची सोय आहे. हिस्सा विकायचा नाही, तर तिथल्या धंद्याच्या मूल्याच्या २५ टक्के रक्कम किंवा दरवर्षी तिथल्या उत्पन्नाच्या ४ टक्के रक्कम मंजूर कार्यक्रमांत घाला: प्रशिक्षण, लहान पुरवठादार, संशोधन. मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, सॅमसंग यांनी ही वाट धरली. टोयोटा, फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू यांच्यासह सात मोटार कंपन्यांनी मिळून ६०० कोटी रँडचा निधी केला, ज्यातून सुटे भाग बनवणारे काळे उद्योजक उभे राहावेत. दूरसंचारात मात्र ३० टक्के हिश्शाला हा पर्याय नव्हता. मे २०२५ मध्ये दळणवळण मंत्र्यांनी तो आणण्याचा मसुदा काढला, आणि ‘मस्कसाठी कायदा वाकवताय’ अशी ओरड झाली ती म्हणूनच.

नावापुरते मालक

सरपंचपद महिलेसाठी राखीव आणि कारभार नवऱ्याच्या हातात, हे आपल्याला नवं नाही. तिकडे त्याला ‘फ्रंटिंग’ म्हणतात. माळ्याला किंवा ड्रायव्हरला कागदोपत्री भागीदार करायचं. त्या बापड्याला कधी कळतही नाही. किंवा भागीदार खरा असतो, पण करारात असं कलम असतं की लाभांश त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

२०१३ च्या दुरुस्तीनं हा फौजदारी गुन्हा केला: दहा वर्षांपर्यंत कैद, कंपनीला वर्षाच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड. तपासणारे तीन गोष्टी पाहतात. भागीदाराला बैठकीची नोटीस जाते का, बँकेच्या कागदांवर त्याची सही चालते का, आणि लाभांश खरोखर त्याच्या खात्यात पडला का. तिसरी सर्वांत बोलकी.

‘हे आपल्या आरक्षणासारखंच ना?’

कुळ एक, पण घडण बरीच निराळी. आपल्याकडे शिक्षण, सरकारी नोकरी आणि निवडणूक यांत ठरलेल्या जागा असतात. तिथे जागा नाहीत, गुण आहेत, आणि रोख खासगी कंपन्यांच्या मालकीवर आहे. त्याला आपल्याकडे हातच लागलेला नाही. दुसरं म्हणजे २०२२ च्या जनगणनेत तिथे आफ्रिकी ८१ टक्के आणि गोरे ७ टक्के. अल्पसंख्याकांना संरक्षण देण्याचा हा प्रश्न नाही. बहुसंख्याकांनाच स्वतःच्या देशाच्या बाजारात शिरकाव मिळवून द्यायचा आहे. आणि तिथे क्रीमी लेअर नाही. ज्याला एकदा हिस्सा मिळाला, तो कोट्यधीश झाला तरी पुढच्या सौद्यात पुन्हा जवळजवळ पूर्ण गुणांचा धनी. त्याच त्याच नावांना सौदे मिळत गेले, त्याचं एक मोठं कारण हे.

‘तीस वर्षांत दरी का मिटली नाही?’

जागतिक बँकेच्या मापात २०१४ साली दक्षिण आफ्रिकेचा गिनी निर्देशांक ६३ होता. शून्य म्हणजे सगळ्यांचं उत्पन्न सारखं, शंभर म्हणजे सगळं एकाच्याच खिशात. ६३ हा मोजल्या गेलेल्या देशांतला सर्वांत वरचा आकडा होता. वरच्या दहा टक्क्यांकडे देशातली सुमारे ८५ टक्के संपत्ती असल्याचा अंदाज आहे.

पण दरीचा आकार बदलला आहे. गोरे आणि काळे यांच्या सरासरी उत्पन्नातलं अंतर कमी झालं. काळ्या समाजाच्या आतलं अंतर वाढलं. नवा मध्यमवर्ग आला: डॉक्टर, अधिकारी, बँकेतले व्यवस्थापक. हे काही कमी नाही. पण गुणपत्रिका मोजते ते मालक, संचालक, कर्मचारी आणि पुरवठादार यांना. अधिकृत बेकारी ३० टक्क्यांच्या वर आहे. ज्याला नोकरीच नाही तो कंपनीच्या कुठल्याच रकान्यात येत नाही.

त्याच्यापर्यंत पोचतात त्या तीन वेगळ्या गोष्टी. पहिली अनुदानं: मुलांसाठीचा भत्ता १९९८ मध्ये महिना १०० रँड होता, एप्रिल २०२५ मध्ये तो ५६० झाला. दिवसाला वीस रँडही नाहीत, तरी भूक आवरते ती यानंच. दुसरी घरं: १९९४ पासून सरकारनं तीस लाखांहून जास्त घरं बांधून दिली. पण जागा स्वस्त मिळते शहराच्या कडेला, म्हणून बरीचशी घरं वर्णभेदानं माणसं जिथे ढकलली होती तिथेच, किंवा त्याहून लांब. वडापसारख्या मिनीबस टॅक्सीत रोजचे दोन-तीन तास आणि पगाराचा मोठा लचका त्यात जातो.

तिसरी शाळा. गरीब भागांत फी नाही, मुलं शाळेत आहेत. तरीही २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत चौथीतली ८१ टक्के मुलं वाचलेल्याचा अर्थ सांगू शकली नाहीत. वीस वर्षांनी कंपनीच्या गुणपत्रिकेत वरच्या पदाचे गुण भरायला माणूस हवा असेल, तर तो याच वर्गातून यायचा आहे.

जमिनीची कथा तर आणखी मंद. १९९४ नंतर पाच वर्षांत ३० टक्के शेतजमीन हस्तांतरित करायचं ठरलं होतं. मुदत २०१४ पर्यंत वाढवली, तरी ते झालं नाही. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे होती. जमीन मिळाली तिथेही अडलं ते पुढच्या पायरीवर: ट्रॅक्टर, खेळतं भांडवल, बाजारपेठ. बऱ्याच ठिकाणी सरकारनं जमीन स्वतःकडे ठेवून भाडेपट्ट्यानं दिली. तारण पुन्हा नाहीच.

‘रंगाऐवजी गरिबी का मोजत नाहीत?’

ही मागणी तिथल्या डेमोक्रॅटिक अलायन्स या पक्षाची, आणि ती फेटाळून लावण्यासारखी नाही. अनुदान, घर आणि शाळा यांत निकष आजही गरिबीचाच आहे. विद्यापीठाची मदतही कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाख रँडपर्यंत असेल तरच मिळते. गरिबांत गोरे फार थोडे, त्यामुळे व्यवहारात लाभार्थी बहुतेक काळेच राहतात आणि कोट्यधीश आपोआप गळतात.

अडचण येते ती मालकी आणि टेंडर यांत. गरीब मालकाची कंपनी म्हणजे काय? पहिलं मोठं काम मिळालं की तो गरीब राहत नाही; मग दुसऱ्या कामाला अपात्र ठरवायचा का? तसं केलं तर धंदा कधीच मोठा होणार नाही. न केलं तर आजचेच लोक पुन्हा रांगेत पुढे. एका माणसाला आयुष्यात किती सौद्यांचे गुण धरायचे, अशी मर्यादा घालणं हा यातला सोपा तोडगा. सध्याच्या कायद्यात ती मर्यादा नाही, आणि योजना कधी संपवायची याची तारीखही नाही.